हवा एक, बोलणारे अनेक

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठात कविसंमेलनासाठी गेलो होतो. कार्यक्रम संध्याकाळचा होता आणि मी दुपारीच पोहोचलो होतो. वेळ काढायचा म्हणून आवारात फिरत ग्रंथालयापाशी आलो, तर त्याच्या मागच्या जिन्यावर दहा-बारा मुलंमुली बसलेली दिसली. सावली बघून बसली असतील, असे आधी वाटले. जवळ गेलो तेव्हा प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता आणि प्रत्येकाची नजर त्याच्यावर खिळलेली होती. एका मुलीला विचारले, "आत एवढी मोठी अभ्यासिका आहे, मग जिन्यावर का बसलात?" ती म्हणाली, "सर, आत रेंज फुल्ल दाखवते, पण पान उघडत नाही. इथे निदान चाचणी सबमिट होते."

तिची वीस मिनिटांची चाचणी होती. मागच्या खेपेला तिने सगळी उत्तरे बरोबर लिहिली होती. मात्र शेवटचे बटण दाबल्यावर पडद्यावरचे चक्र फिरत राहिले आणि वेळ संपली. हजेरीपटावर ती हजर होती आणि चाचणीत शून्य. तिच्या घरी संगणक नव्हता. तो फोन म्हणजेच तिचे पुस्तक, वही आणि ग्रंथालयाचे कार्ड होते.

संध्याकाळी मी कविता वाचल्या, टाळ्याही मिळाल्या, पण मनातून तो जिना जाईना. मी साधा बी.ए. झालेला माणूस. रेंज फुल्ल असूनही पान का उघडू नये, हे मला कळेना. घरी आल्यावर माझ्या भाचीला विचारले. ती नेटवर्क इंजिनिअर आहे. ती म्हणाली, "मामू, मुशायऱ्यात शमा किती असतात?"

"एक."

"आणि शायर?"

"पंधरा-वीस. ज्याच्यापुढे शमा येईल त्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे."

"झालं तर मग. त्या विद्यापीठानं शमा एक ठेवली आणि शायर दोनशे बोलावले. वर ज्योत एवढी मोठी केली की शेवटच्या रांगेतल्यालाही वाटावं, उजेड आपल्यापर्यंत आला. उजेड येतो मामू, पाळी येत नाही."

आजच्या भाषणात मला हीच गोष्ट थोडी उलगडून सांगायची आहे. विद्यापीठाच्या आवारात मोबाइलवर शिकण्यासाठी बिनतारी जाळे उभारायचे, तर त्याचा आराखडा कसा करतात आणि तो कुठे चुकतो, ती ही गोष्ट. गंमत म्हणजे या विद्येचा जन्मच एका विद्यापीठाच्या अडचणीतून झाला.

हे विद्यापीठ म्हणजे प्रशांत महासागरातले हवाई विद्यापीठ. १९७० च्या सुमारास त्याचा मुख्य परिसर होनोलुलूजवळच्या मनोआ खोऱ्यात होता. हिलो इथे चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचे एक महाविद्यालय होते आणि दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची पाच महाविद्यालये निरनिराळ्या बेटांवर विखुरलेली होती. मोठा संगणक मनोआत आणि मधे समुद्र. तारा टाकायच्या कशा? नॉर्मन अब्रॅमसन या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवले की रेडिओच्या लहरी वापरायच्या. १९७१ च्या जूनमध्ये ही यंत्रणा चालू झाली. तिला नाव दिले 'अलोहा'. हवाईत भेटताना आणि निरोप घेतानाही हाच शब्द उच्चारतात.

अलोहाचा नियम अगदी साधा होता. ज्याला बोलायचे त्याने बोलून टाकावे. संदेश पोहोचल्याची पोच आली तर ठीक. आली नाही, तर दुसराही कोणी त्याच क्षणी बोलला असणार आणि दोन्ही संदेश एकमेकांवर आदळून मोडले असणार, असे समजायचे. मग प्रत्येकाने मनाला येईल तितका वेळ थांबून पुन्हा बोलायचे. दोघेही सारखेच थांबले, तर पुन्हा आदळणारच, म्हणून हा वेळ मुद्दाम अनिश्चित ठेवायचा. नियम सुटसुटीत होता, पण त्याची किंमत मोठी होती. गणित केले तेव्हा दिसले, की या पद्धतीत हवेतल्या मार्गाचा फार तर १८ टक्के भाग खऱ्या कामाला येतो. बाकीचा वेळ टकरीत किंवा शांततेत जातो. पुढे वेळेचे समान तुकडे पाडून, प्रत्येकाने तुकड्याच्या आरंभीच बोलायचे असा नियम घातला, तेव्हा हे प्रमाण दुप्पट म्हणजे सुमारे ३७ टक्के झाले.

आज आपण ज्याला वायफाय म्हणतो, त्याचे पहिले प्रमाण मानक १९९७ मध्ये आले. त्यात अलोहाचाच नियम जरा शिष्टाचार शिकून आला. बोलण्याआधी कान द्या. कोणी बोलत असेल तर गप्प राहा. ते थांबले की लगेच तोंड उघडू नका, थोडे अनिश्चित थांबा आणि मग बोला. तुमचे बोलणे पोहोचल्याची पोच येईपर्यंत ते पोहोचले असे समजू नका. आपल्या सभासंमेलनांत हा नियम पाळला गेला तर काय बहार येईल! पण शिष्टाचार कितीही असला, तरी मूळ गोष्ट बदलत नाही. एका खोलीत, एका चॅनेलवर, एका वेळी एकानेच बोलायचे. छतावर बसवलेली ती पांढरी पेटी, जिला ॲक्सेस पॉइंट म्हणतात, तीसुद्धा याच रांगेत उभी असते.

इथे आणखी एक खोच आहे. पाळी सर्वांना सारखी मिळते, पण ती किती वेळ चालते हे बोलणाऱ्याच्या वेगावर ठरते. पेटीजवळ बसलेल्याचा फोन भरभर बोलतो. लांब, भिंतीआड बसलेल्याचा फोन तेच वाक्य सावकाश, अक्षर अक्षर सुटे करून बोलतो, म्हणजे ते ऐकू जाईल. मुशायऱ्यात एखादे बुजुर्ग एकेक मिसरा चार वेळा म्हणतात, तेव्हा पुढच्या दहा जणांची रात्र खर्ची पडते, त्यातलाच हा प्रकार. हे २००३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी मोजून दाखवले. एक मंद यंत्र जाळ्यात आले की जवळच्या वेगवान यंत्रांचा वेगही त्याच्या पातळीला उतरतो. म्हणजे जिन्याआडच्या एका फोनमुळे अभ्यासिकेतले पन्नास जण खोळंबतात. दोष त्या फोनच्या मालकाचा नसतो. त्याच्याजवळ पेटी बसवली नाही, हा आराखड्याचा दोष.

आता जाऊ या अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात. तिथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने आवारभर बिनतारी जाळे विणण्याचे काम जगात पहिल्यांदा हाती घेतलेल्यांत नाव मिळवले. विद्यापीठ ज्यांच्या नावाने आहे त्या अँड्र्यू कार्नेगी आणि अँड्र्यू मेलन यांच्या समान नावावरून तिथल्या तारांच्या जाळ्याला आधीपासून 'अँड्र्यू' म्हणत. म्हणून या नव्या जाळ्याचे नाव 'वायरलेस अँड्र्यू' झाले. काम १९९३ मध्ये सुरू झाले, तेव्हा वायफायचे मानक यायला अजून चार वर्षे होती. आधी काही इमारती झाल्या, मग १९९९ च्या सुमारास सारा परिसर जाळ्याखाली आला. सुरुवातीचा वेग सेकंदाला २० लाख बिट, म्हणजे आजच्या हिशेबाने गोगलगाय. पण तेवढ्यावरही विद्यार्थी लॅपटॉप उघडून हिरवळीवर बसू लागले, हे त्या काळी नवल होते.

या कामाचे प्रमुख होते अ‍ॅलेक्स हिल्स. त्याआधी अलास्काच्या बर्फातल्या दूरदूरच्या खेड्यांपर्यंत टेलिफोन आणि रेडिओ पोहोचवण्याचे काम त्यांनी केले होते. रेडिओच्या लहरी नकाशावर दिसतात तशा जमिनीवर वागत नाहीत, हा धडा ते तिथून शिकून आले होते. म्हणून त्यांच्या पद्धतीत मोजमापाला फार महत्त्व आहे. इमारतीचा नकाशा घ्यायचा, त्यावर अंदाजाने पेट्यांच्या जागा ठरवायच्या, तात्पुरत्या पेट्या लावून प्रत्यक्ष चालत चालत सिग्नल मोजायचा, जागा हलवायच्या आणि पुन्हा मोजायचे. पुढे त्यांनी सहकाऱ्याबरोबर यासाठी एक ढकलगाडीच तयार केली. चाकांच्या फिरण्यावरून गाडी कुठवर आली ते कळे आणि तिच्यावरचा संगणक त्या त्या जागेचा सिग्नल टिपून ठेवी. २००४ मध्ये त्यांनी तिच्याविषयी लिहिलेही. दारोदार हिंडून मापे घेणाऱ्या जुन्या भूमापकांचीच ही नवी आवृत्ती.

या पद्धतीतला एक प्रश्न मला कवी म्हणूनही आवडला. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चॅनेल दिसायला डझनभर आहेत. पण ती एकमेकांत इतकी घुसलेली आहेत, की शेजारीशेजारी बसून एकमेकांना त्रास न देणारी तीनच हाताशी येतात. एक, सहा आणि अकरा. आता एखाद्या इमारतीत चाळीस पेट्या असतील आणि चॅनेल तीनच, तर कोणाला कोणते द्यायचे? नकाशात रंग भरताना दोन शेजारी जिल्ह्यांना एकच रंग द्यायचा नाही, असा नियम आपण शाळेत पाळत होतो. इथेही तेच. फक्त इथे शेजारी डावीउजवीकडेच नसतो, वरच्या आणि खालच्या मजल्यावरही असतो. एकाच चॅनेलच्या दोन पेट्या वरखाली आल्या, की दोन खोल्यांचा मुशायरा एक होतो आणि शमा पुन्हा एकच उरते.

यावर उपाय सुचतो तो असा, की पेटीचा आवाज वाढवा. आमच्या गावात लाउडस्पीकरवाल्यांनाही हाच उपाय सुचतो. जाळ्याचा आराखडा करणारे नेमके उलट करतात. ते पेट्या वाढवतात आणि प्रत्येकीचा आवाज कमी करतात. याचे कारण सोपे आहे. पेटी मोठ्याने बोलली तर तिचे बोलणे लांबवर ऐकू जाते आणि तिथल्या फोनवर रेंज फुल्ल दिसते. पण फोनचा स्वतःचा आवाज क्षीण असतो. त्याचे उत्तर पेटीपर्यंत पोहोचत नाही. रेंज म्हणजे पेटीचा आवाज फोनला किती ऐकू येतो याचे माप. फोनचा आवाज पेटीला ऐकू येतो की नाही, हे ते सांगत नाही. रांग किती मोठी आहे, हेही सांगत नाही. जिन्यावरच्या त्या मुलीच्या कोड्याचे उत्तर इथे आहे.

मोजमाप करायचे म्हटले तरी ते केव्हा आणि कुठे करता, हे महत्त्वाचे. सुट्टीत रिकाम्या सभागृहात मापे घेतली तर ती सुंदर येतात. सत्र सुरू झाले आणि दोनशे मुले येऊन बसली की सगळे बदलते. माणसाच्या शरीरात बहुतांश पाणी असते आणि या लहरी पाण्यात विरतात. दोनशे विद्यार्थी म्हणजे लहरींच्या दृष्टीने दोनशे भरलेले रांजण. म्हणून मोठ्या वर्गात पेट्या बाजूच्या भिंतींवर नव्हे, तर छतावर डोक्यांच्या वर लावतात. कधी कधी ठरावीक दिशेलाच आवाज टाकणारे अँटेना वापरतात. झाडांचेही तसेच. दोन इमारतींमधल्या आंब्याआड उन्हाळ्यात नीट चालणारा दुवा पावसाळ्यात रडू लागतो. त्याला पाऊस फारसा जबाबदार नसतो, पाण्याने निथळणारी पाने असतात. आपल्याकडच्या जुन्या महाविद्यालयांच्या हातभर जाडीच्या दगडी भिंती, लोखंडी कपाटांच्या रांगा, प्रयोगशाळेतले पत्रे, या सगळ्यांचा हिशेब नकाशावर नसतो. तो पायी फिरूनच मांडावा लागतो.

मोबाइल शिक्षणाने हा हिशेब आणखी अवघड केला. २००४ मध्ये ड्यूक विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या सोळाशेहून अधिक विद्यार्थ्यांना आयपॉड वाटले. अभ्यासासाठी मुलांनी त्याचा बराच उपयोग केला तो ध्वनिमुद्रणासाठी. त्या आयपॉडला बिनतारी जोडणी नव्हती, त्यामुळे वर्गातल्या हवेवर त्याचा काही भार पडला नाही. २००८ मध्ये टेक्ससमधल्या ॲबिलीन ख्रिश्चन विद्यापीठाने नव्या विद्यार्थ्यांना आयफोन किंवा आयपॉड टच दिले. आता प्राध्यापक वर्गात प्रश्न विचारत आणि मुले पडद्यावर उत्तर निवडत. अध्यापनाच्या दृष्टीने पाऊल मोठे होते. जाळ्याच्या दृष्टीने त्यात एक नवा प्रसंग जन्माला आला. सगळा वर्ग एकाच मिनिटाला एकाच वेळी बोलू लागला.

समजा, वर्गात दोनशे विद्यार्थी आहेत. प्रत्येकाजवळ फोन आहे, निम्म्यांजवळ लॅपटॉपही आहे. म्हणजे तीनशे यंत्रे. पेटीच्या खोक्यावर वेगाचा आकडा मोठा छापलेला असतो. तो एकट्याने, जवळून, शांत हवेत बोलला तरचा. पाळ्या, थांबणे, पोच, टकरी यांत त्याचा बराचसा भाग जातो. समजा, प्रत्यक्षात सेकंदाला १०० मेगाबिट उरले. ते तीनशे यंत्रांत वाटले तर वाट्याला एका मेगाबिटचा तिसरा हिस्सा येतो. चार ओळींचे उत्तर पाठवायला तो पुरेल. सगळ्यांनी एकदम प्रयोगाचा व्हिडिओ उघडला तर नाही पुरणार. म्हणून आराखडा करणारा जाणकार पहिला प्रश्न चौरस फुटांचा विचारत नाही. तो विचारतो, या खोलीत जास्तीत जास्त किती माणसे बसतील, त्यांच्याजवळ काय असेल आणि ती एकाच वेळी काय करतील?

हवेत जागा किती, याचा काही भाग सरकारच्या हातात असतो. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्‌झमधला मोठा पट्टा २०१८ मध्ये मोकळा झाला. या दुसऱ्या पट्ट्यात चॅनेल खूप आहेत, म्हणजे शमा अधिक. त्याच्या लहरी भिंतींत लवकर विरतात. घरात ही अडचण वाटते, पण गजबजलेल्या आवारात तो गुणच ठरतो. एका वर्गाचा आवाज दुसऱ्या वर्गात जात नाही. अलीकडच्या मानकात, ज्याला वायफाय सहा म्हणतात, पेटी सूत्रसंचालकासारखी वागू शकते. एकाच चॅनेलचे छोटे वाटे करून ती एका पाळीत अनेकांचे थोडे थोडे बोलणे उरकते. याचा फायदा मिळायला समोरचा फोनही नवा लागतो. गरीब विद्यार्थ्याचा फोन बहुधा मोठ्या भावाचा जुना असतो. आराखडा त्या फोनसाठीही करावा लागतो.

आता आणखी एका आवाराची गोष्ट. न्यू हॅम्पशायर राज्यात डार्टमथ नावाचे जुने कॉलेज आहे. २००१ च्या शरद सत्रात तिथे १६१ इमारतींत मिळून ४७६ पेट्या बसवलेल्या होत्या. डेव्हिड कॉट्झ आणि कोबी एसियन या दोघांनी अकरा आठवडे त्या जाळ्याची नोंद ठेवली. वापरणारे सतराशेहून अधिक होते. बिनतारी जाळे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वर्ग, ग्रंथालय, हिरवळ येते. नोंदींत मात्र सर्वांत जास्त वाहतूक दिसली ती वसतिगृहांत, त्यातही नवीन मुले राहत होती तिथे. संकेतस्थळे पाहण्याचा वाटा सर्वांत मोठा होता, पण संगणकाने आपली आपण घेतलेली साठवणीची प्रत आणि फायलींची देवाणघेवाण यांनीही अनपेक्षितपणे बरीच जागा व्यापली होती.

आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. काही यंत्रे सारखी या पेटीवरून त्या पेटीवर उड्या मारत होती, एका ठिकाणी स्थिर होत नव्हती. दोन पेट्यांचा आवाज सारखाच येत असेल तर यंत्राला निवड करता येत नाही. उडी मारताना ते जाळ्याच्या दुसऱ्या विभागात गेले, की चालू असलेले काम तुटायचे. कोणत्या पेटीला चिकटायचे आणि केव्हा सोडायचे, हे ठरवणे मुख्यतः फोनच्याच हाती असते. म्हणून चालत्या विद्यार्थ्यासाठी आराखडा करताना पेट्यांच्या सीमा जिथे जिथे मिळतात त्या जागा, म्हणजे जिने, व्हरांडे, दरवाजे, विशेष काळजीने तपासतात. डार्टमथच्या नोंदीचा धडा असा, की पेट्या बसवून फीत कापली म्हणजे आराखडा पूर्ण होत नाही. तो वापर बघून दर वर्षी पुन्हा करावा लागतो.

अशा नोंदी ठेवताना एक जबाबदारीही येते. कोणता फोन किती वाजता कोणत्या खोलीत होता, हे जाळ्याला कळते. अभ्यासासाठी त्यातली नावे काढून टाकता येतात आणि टाकलीच पाहिजेत. आपल्याकडे २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. विद्यार्थी कुठे बसतो यावर पाळत ठेवण्यासाठी हे जाळे नाही, हे विद्यापीठाने आधीच लिहून द्यावे.

बिनतारी म्हणतो खरे, पण या जाळ्याचा जीव तारेतच असतो. छतावरच्या प्रत्येक पेटीपर्यंत एक केबल यावी लागते आणि तांब्याच्या नेहमीच्या केबलची मर्यादा १०० मीटर. त्याच केबलमधून पेटीला वीजही देता येते. ही सोय आपल्या गावांसाठी मोलाची आहे, कारण प्रत्येक पेटीजवळ स्वतंत्र बॅटरी लागत नाही. केबली जिथून निघतात त्या स्विचला एक बॅटरी दिली, की वीज गेली तरी जाळे जिवंत राहते. ज्यांनी भारनियमनाच्या काळात परीक्षा दिल्या आहेत, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

तीच गोष्ट आवाराबाहेरच्या वाटेची. राष्ट्रीय ज्ञान जाळे, म्हणजे नॅशनल नॉलेज नेटवर्क, २०१० मध्ये मंजूर झाले आणि देशातल्या विद्यापीठांना, संशोधन संस्थांना वेगवान जोडणी मिळू लागली. नदी दारापर्यंत आली, पण घरातला नळ बारीक असेल तर घागर भरायला तेवढाच वेळ लागतो.

जाळ्यात शिरण्याच्या दाराचाही विचार करायला हवा. पाहुणा विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठात गेला, तर त्याने कोणाकडे पासवर्ड मागत फिरायचे? युरोपात यावर २००३ मध्ये 'एज्युरोम' ही योजना सुरू झाली. आपल्या विद्यापीठाचे नाव आणि पासवर्ड घेऊन जा. यजमान विद्यापीठाचे जाळे तुमच्या घरच्या विद्यापीठाला विचारते, हा तुमचा आहे का? होकार आला की दार उघडते. पासवर्ड यजमानाच्या हाती पडत नाही. आज शंभराहून अधिक देशांत ही सोय आहे आणि भारतात अर्नेट इंडिया ही संस्था ती पाहते. मला यात आपल्या जुन्या सरायांची आठवण येते. कोणाच्या गावचा आहेस, एवढे विचारून मुक्काम मिळायचा.

हे सगळे भाचीकडून ऐकल्यावर मी तिला विचारले, "मग त्या मुलीसाठी काय करायला हवे होते? आणखी चार पेट्या?" ती म्हणाली, "पेट्या तर हव्यातच, मामू. पण सगळ्या विभागांच्या चाचण्या अकरा वाजताच कशाला ठेवायच्या?"

हे उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटले. जाळ्याचा आराखडा फक्त इंजिनिअर करत नाही. वेळापत्रक आखणारा कारकून करतो आणि धडा तयार करणारा प्राध्यापकही करतो. व्हिडिओ आदल्या रात्री वसतिगृहात उतरवून घ्यायला सांगितला, तर सकाळी वर्गातली हवा मोकळी राहते. चाचणीचे पान चित्रांनी न सजवता साध्या अक्षरांचे ठेवले, तर ते जुन्या फोनवरही चटकन उघडते. उत्तरे फोनमध्येच साठून राहिली आणि पाळी आली की गेली, अशी व्यवस्था केली, तर शेवटच्या मिनिटाला फिरणारे चक्र कोणाचे गुण खाणार नाही. या गोष्टींना पैसाही फारसा लागत नाही.

मित्रहो, तुमची मुले ज्या महाविद्यालयात जातात तिथे कधी गेलात, तर 'वायफाय आहे का' एवढेच विचारून थांबू नका. 'आहे' हे उत्तर सगळीकडेच मिळते. सर्वांत मोठ्या वर्गात एका पेटीमागे किती मुले बसतात, ते विचारा. मोजणी वर्ग भरलेला असताना केली होती का, हे विचारा. वीज गेल्यावर काय होते आणि शेवटची तपासणी कोणत्या वर्षी झाली, तेही विचारा. या चार प्रश्नांची उत्तरे देणारा माणूस तिथे सापडला, तर जाळे बरे आहे असे समजा.

मुशायऱ्यात चांगला सूत्रसंचालक कोणाला म्हणतात? नामवंतांना तर कोणीही पुकारतो. कोपऱ्यात वही घट्ट धरून बसलेल्या नवख्याची पाळी रात्र संपायच्या आत आणतो, तो चांगला. अब्रॅमसन यांनी बेटांवरच्या महाविद्यालयांसाठी तेच करायला घेतले होते. जिन्यावरची ती मुलगी आता पदवीधर झाली असेल. तिचे ते पाच गुण परत मिळाले की नाही, मला माहीत नाही. पण तिच्या जागी आज दुसरे कोणी बसले असेल, तर त्याला जिन्यावरून उठवून आत अभ्यासिकेत बसवता येईल, एवढी विद्या आपल्याजवळ नक्की आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)